घड्याळ कुणाच्या बापाचं?

सरळच सांगतो, दोस्तांनो. पोटावर मारून झालं, आता साल्यांनी आपल्या घड्याळावर हात घातलाय.

३ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ठरवलं, की कारखान्यातला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत ताणता येईल. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांत, आस्थापनांत नऊचे दहा तास. तीन महिन्यांत जास्तीत जास्त ११५ तास ओव्हरटाईम घेता येत होता, तो १४४. पाच तासांनी मिळायचा तो विसावा सहा तासांनी. कारण काय दिलं? गुंतवणूक येईल, धंदा करणं सोपं जाईल, रोजगार वाढेल. आणि सगळ्यात मोठा विनोद म्हणजे कामगारांच्या हक्कांचं रक्षण होईल. मग २१ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीनं चार श्रमसंहिता लागू केल्या आणि कामगारांचे एकोणतीस जुने कायदे त्या चार पोत्यांत कोंबले.

पेपरात चार दिवस बातमी राहिली. पाचव्या दिवशी क्रिकेट. आपल्या वस्तीत तर चार दिवससुद्धा नाही. कुणाला सांगायला गेलो तर म्हणतो, यात नवीन काय, आपला वॉचमन बारा तासच उभा असतो, हॉटेलातलं पोरगं चौदा तास भांडी घासतं. खरं आहे. पण चोरी होत असणं वेगळं आणि चोराला सरकारनं लायसन देणं वेगळं. चोराला निदान पकडता येतं. लायसनवाल्याला सलाम ठोकावा लागतो.

बारा तास हा आकडा एसीत बसून लिहिणाऱ्याला हलका वाटतो. मी गोदीत ठेक्यावर ओझी वाहतो, मला तो हलका वाटत नाही. मे महिन्यात लोखंडी कंटेनरच्या पोटात शिरून माल खाली करायचा म्हणजे काय हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. पहिल्या तासाला गोण पन्नास किलोची असते. आठव्या तासालाही पन्नासचीच, पण पाठ ती सत्तरची मोजते. दहाव्या तासाला हूक गोणीत मारायचा की आपल्याच पायात हे हाताला कळेनासं होतं. क्रेनखाली उभ्या माणसाला वरून ओरडलेलं ऐकू येतं, पण पाय हलत नाहीत. अपघाताच्या कागदावर मात्र लिहितात, कामगाराचा निष्काळजीपणा. तास कुणी लिहीत नाही.

माझ्या पाठीवर विश्वास नसेल तर जगाच्या डॉक्टरांचं ऐका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना या दोघांनी मिळून २०२१ साली अभ्यास छापला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम केल्यानं मेंदूचा झटका आणि हृदयविकार होऊन २०१६ या एका वर्षात जगात ७ लाख ४५ हजार माणसं मेली. आता आपला हिशेब करा. १४४ तास भागिले तेरा आठवडे म्हणजे अकरा. आठवड्याचे ४८ अधिक ११ म्हणजे ५९. जुन्या ११५ तासांतही आपण त्या ५५ च्या रेषेपलीकडंच होतो. आता आणखी पुढं ढकललं, ते कायद्यानं, शिक्का मारून.

आणि या ५९ मध्ये लोकल धरलेली नाही. दिव्याहून, अंबरनाथहून, मानखुर्दहून येणाऱ्याचे दोन-तीन तास लटकण्यात जातात. बारा आणि तीन पंधरा. उरले नऊ. त्यात पाण्याची रांग, संडासची रांग, रेशन, जेवण आणि झोप. पोरगं बापाला झोपलेलंच बघतं आणि बाप पोराला झोपलेलंच बघतो. बाई कामावर जात असेल तर तिचा हिशेब कुठल्याच संहितेत बसत नाही. तिच्या बारा तासांच्या अगोदर एक पाळी चुलीपुढं झालेली असते आणि नंतर एक व्हायची असते. ती पाळी फुकट.

आता पैशाचं बोलू. ते म्हणतात, जास्त तास म्हणजे जास्त पगार, मग रडता कशाला? समजा आठ तासांचा रोज सहाशे रुपये. तासाला पंचाहत्तर. वरच्या चार तासांना कायद्यानं दुप्पट म्हणजे तासाला दीडशे, चार तासांचे सहाशे. बारा तासांचे झाले बाराशे. हे कागदावर. आता नाक्यावर जाऊन विचारा, बाराशे कुणाला मिळतात. ठेकेदार म्हणतो, पाळीच बारा तासांची आहे, ओव्हरटाईम कसला? घे साडेसातशे. पोरगं खूश, दीडशे रुपये वाढले. पण साडेसातशेला बारानं भागा. साडेबासष्ट. म्हणजे तासाचा भाव पंचाहत्तरवरून साडेबासष्टवर आला. त्यानं पगार वाढवला नाही, तुम्हाला स्वस्तात घेतलं. भाजीवाला संध्याकाळी उरलेली मेथी टाकून देतो ना, तसं आपलं आयुष्य आपण संध्याकाळच्या भावात टाकून देतोय.

आणि रोजगार वाढेल म्हणतात त्याचा हिशेब तर बिगरीतल्या पोराला येईल. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रावर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, तीन माणसं. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, दोन माणसं. तिसरा कुठं गेला? तो नाक्यावर उभा आहे. तोच उद्या सकाळी ठेकेदाराला म्हणणार, मी साडेसातशेत कशाला, सातशेत येतो. आपल्याच वस्तीतला तो तिसरा माणूस आपल्या मानेवर टेकवलेली सुरी होतो. सुरी त्याची नाही, त्यालाही कुणीतरी धरून उभं केलंय. पण मान आपली कापली जाते.

सरकारनं यात एक फूल खोचलंय. जास्तीच्या तासांना कामगाराची लेखी संमती लागेल. वा! ठेक्यावरच्या माणसाची संमती! मुकादम कागद पुढं करतो, म्हणतो, सही कर नायतर उद्यापासून येऊ नको. याला संमती म्हणायचं? भुकेनं केलेली सही ही भुकेची सही असते, माणसाची नसते. माझ्या टोळीतली पोरं स्वतः तोंडानं ओटी मागतात हे मी लपवत नाही. मागतात. कारण आठ तासांच्या पैशात भाडं भागत नाही. आठ तासांत घर चाललं असतं तर नववा तास कोण विकायला बसलं असतं?

ही संमती आपल्याला नवी नाही. ही आपल्या रक्तातली जुनी ओळख आहे. माझ्या पणजोबानं महारकीचं वतन केलं. वतन म्हणजे काय? तर गावची आणि सरकारची चाकरी. रात्री अपरात्री सांगावा घेऊन पळायचं, अंमलदाराच्या घोड्यापुढं धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं, वेस राखायची. मोबदला काय? इनामाचा एक तुकडा, जो भावकीत वाटून वाटून टोपलीएवढा उरलेला, आणि दारोदार फिरून मागायचं बलुतं. तास? तास नव्हतेच. दिवसाचे चोवीस तास गावाच्या मालकीचे. वतनदार घरी नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्यानं जायचं. आणि गंमत अशी की माणसं त्या वतनाला चिकटून होती, सोडायला तयार नव्हती. संमतीच होती म्हणा ना! बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाच्या सुधारणेचं बिल मांडलं ते याच गुलामीच्या विरोधात. चोवीस तास राबवता तर काम ठरवा, मोबदला ठरवा, नाहीतर सोडा, हा त्यातला सवाल होता. बिल पास होऊ दिलं नाही. वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

म्हणून मी म्हणतो, जातीचा पहिला नियम शिवाशिवीचा नाही, वेळेचा आहे. ज्याच्या वेळेला भाव नाही आणि हद्द नाही तो अस्पृश्य. मालकाचा वेळ तो वेळ, आपला वेळ ती मोकळी पडलेली गायरान जमीन, कुणीही यावं आणि चारावी. आठ तासांचा कायदा हा आपल्या पिढ्यांना मिळालेला पहिला बांध होता. या बांधापलीकडं तुझं, अलीकडं माझं. आता जेसीबी लावून तो बांधच काढताहेत.

तो बांध कुणी घातला हे आपल्या पोरांना ठाऊक पाहिजे, कारण शाळेच्या पुस्तकात एवढं सविस्तर कुणी सांगणार नाही.

जोतीरावांचा सत्यशोधक साथी नारायण मेघाजी लोखंडे, ‘दीनबंधु’चा संपादक. त्यानं १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय? आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई. सूर्य मावळल्यावर तरी सोडा, एवढीच मागणी, आणि तीसुद्धा मालकांना जड गेली. रविवार मिळायला १० जून १८९० उजाडला. आज पवईपासून पुण्यापर्यंत जो जो कॉम्प्युटरवाला रविवारी उशिरा उठतो, तो लोखंड्यांच्या पुण्याईनं उठतो. त्याला ते माहीत नसतं.

मग गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्याची अडचण संपली. उजेड आला तो आपल्यासाठी अंधार घेऊन आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. कामगार भडकले, संप झाले, चौकशी बसली आणि १९११ च्या कायद्यानं गिरणीतल्या प्रौढ पुरुषासाठी दिवसाला बारा तासांची हद्द घातली. पुन्हा वाचा. १९११. बारा तास. १९२२ च्या कायद्यानं दिवस अकरा तासांचा आणि आठवडा साठ तासांचा केला. १९३४ नं दिवस दहा तासांचा, आठवडा ५४ तासांचा. आणि १९४६ साली आठवडा ४८ तासांवर आला, वरच्या तासांना दुप्पट भाव आला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तो कायदा त्यांच्या खात्याचा.

म्हणजे बारा तासांचा दिवस आणून यांनी आपल्याला १९११ सालात नेऊन सोडलं. ओव्हरटाईमसकट ५९ तासांचा आठवडा म्हणजे १९२२ च्या साठ तासांच्या दारात. आणि याला हे विकसित भारत म्हणतात. शंभर वर्षांत इंच इंच सरकवत आणलेला काटा एका बैठकीत मागं फिरवला, आणि कुणाच्या घशातला घास अडकला नाही.

१९४६ ची आणखी एक गोष्ट सांगतो, ती काळजात कोरून ठेवा. त्याच साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. वर्ग सकाळी भरवले, नोकरी करणाऱ्या पोरांना येता यावं म्हणून. एकाच साली एकाच माणसानं कामगाराचे तास आवरले आणि त्या वाचलेल्या तासांत बसायला बाकडं दिलं. हा योगायोग वाटत असेल त्यानं खुशाल समजावं. मला ती आखणी दिसते. शिकायला पैसा लागतो हे सगळे सांगतात. शिकायला वेळ लागतो हे त्या माणसाला ठाऊक होतं, कारण त्यानं स्वतः रात्री जाळल्या होत्या.

आपली सगळी चळवळ त्या उरलेल्या तासांत जन्मली. रात्रशाळा, वाचनालय, विहार, भीमगीतांचे जलसे, शाखेच्या सभा, भिंतीवर चुना मारणं. अण्णाभाऊ गिरणीत राबले, नारायण सुर्वे गिरणीत राबले, बाबूराव बागूल रेल्वेत होते, नामदेव ढसाळ टॅक्सी चालवायचा. यातल्या कुणालाही बापाची इस्टेट नव्हती. त्यांच्याकडं होती ती पाळी सुटल्यानंतरची संध्याकाळ. त्या संध्याकाळीतून एक अख्खं साहित्य उभं राहिलं आणि प्रस्थापितांच्या दिवाणखान्यात जाऊन थुंकलं. आता विचार करा, संध्याकाळच काढून घेतली तर काय उरेल? हा अंकसुद्धा तसाच निघतो. जुळवाजुळव करणारे आम्ही चौघं. एक कुरिअरवाला, एक हॉस्पिटलात सफाईला, एक कॉल सेंटरला, एक मी. चौघांच्या चार पाळ्या. चौघं एकत्र बसायला महिन्यात एक रविवार मिळतो, तोही कुणाचा तरी ओटीत जातो. अंक उशिरा का आला म्हणून पत्रं पाठवणाऱ्यांनी आमच्याशी भांडू नये, घड्याळवाल्यांशी भांडावं.

त्यांना हे चांगलं कळतं. बारा तास राबून आलेला माणूस मोर्चाला येत नाही. तो पुस्तक उघडत नाही. तो मोबाईलवर अंगठा फिरवत फिरवत झोपतो. आपल्याला दमवून ठेवणं हे सगळ्यात स्वस्त पोलीस ठाणं आहे. लाठी लागत नाही, गोळी लागत नाही.

पांढऱ्या कॉलरचे उपदेशक पण आहेतच. २०२३ साली नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं. २०२५ च्या जानेवारीत एका बड्या कंपनीच्या अध्यक्षानं नव्वद तासांची इच्छा सांगितली, रविवारीसुद्धा. घरी बसून बायकोकडं किती वेळ बघणार, असाही सवाल केला. देशासाठी म्हणे. साहेब, आमची आई सत्तर वर्षांची होईपर्यंत नव्वद तास राबते, तिला कुणी राष्ट्रनिर्माती म्हणालं नाही. तुमच्या तासांना शेअर मिळतात, आमच्या तासांना खोकला मिळतो. दोन्हीला एकच शब्द वापरू नका.

देशासाठी राबायचं तर देशानं काय दिलं तेही बघू. सरकारचीच आर्थिक पाहणी, २०२४-२५ ची, सांगते की २०२३-२४ मध्ये कंपन्यांचा नफा पंधरा वर्षांतला सर्वांत वर गेला. मोठ्या कंपन्यांचा नफा त्या साली २२ टक्क्यांवर वाढला, नोकऱ्या दीड टक्का. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२४ चा भारतावरचा अहवाल सांगतो की २०१२ ते २०२२ या दहा वर्षांत महागाई वजा केली तर पगारदार माणसाची कमाई दर साल साधारण एक टक्क्यानं घटली. रोजंदारीची थोडी वाढली म्हणतात. वाढणारच, ती तळालाच होती, तळाखाली कुठं जाणार? आणि देशभरची म्हणून जी तळाची मजुरी सरकारनं सांगितली ती २०१७ साली दिवसाला १७६ रुपये. २०१९ साली सरकारच्याच तज्ज्ञ समितीनं ३७५ करा म्हटलं. सरकारनं त्याच साली वाढवून दिले दोन रुपये. १७८. दोन रुपयांत कटिंग चहासुद्धा येत नाही.

म्हणजे नफा शिडीवरून वर गेला, पगार खालच्या पायरीवर बसून राहिला आणि तास तेवढे वाढवायचे. हे गणित ज्यानं मांडलं तो वेडा नाही, हरामखोर आहे.

आणि बारा तासांच्या या खड्ड्यात पहिला कोण पडणार? रांग बघा. ठेक्यावरचा सफाईवाला, गटारात उतरणारा, बांधकामावरचा, गोदीतला, वखारीतला, वॉचमन, पाठीवर डबा घेऊन मोटारसायकलवर पळणारा. पळणाऱ्याचा मुकादम आता शिट्टी मारत नाही, मोबाईलमधून हाक मारतो, त्याला तोंड नाही म्हणून शिवी पण देता येत नाही. या रांगेतली आडनावं वाचा. दलित, आदिवासी, भटके, मुसलमान, बिहार-यूपीचे आपलेच भाऊबंद. कायमच्या नोकरीत आपण आरक्षणानं पोचलो तेव्हा कायमची नोकरीच मोडीत काढली आणि दार ठेकेदाराच्या हातात दिलं. ठेक्याला आरक्षण नाही. जुन्या ठेका कायद्यात वीस माणसांपासून लायसन लागायचं, नव्या संहितेत पन्नासपासून. पंचेचाळीस-पंचेचाळीस माणसांच्या दोन टोळ्या केल्या की ठेकेदार मोकळा.

माझ्या धंद्याचंच सांगतो. गोदीत एके काळी टोळीवाल्याच्या मर्जीवर माणूस उचलला जायचा. १९४८ च्या गोदी कामगारांच्या कायद्यानं नोंदणी आणली, बोर्ड आणलं, काम नसलं तरी काही हमी आणली. माणसाला कार्ड मिळालं, नाव मिळालं. आज मोठ्या पेट्या यंत्रं उचलतात, नोंदलेले कामगार निवृत्त होत गेले आणि आम्ही आलो ते पुन्हा टोळीवाल्याच्या मर्जीवर. फक्त त्याला आता एजन्सी म्हणतात.

आता आपल्या माणसांना दोन शब्द. आधी लाल बावट्याच्या दोस्तांना. तुम्ही आठ तासांसाठी लढलात, कबूल. १९८२ साली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेला, त्यात आपलेही बाप-आजे होते, चुली विझल्या. पण त्याआधीचंही आठवा. गिरणीत विणकर खात्यात पगार जास्त होता आणि तिथं अस्पृश्याला मज्जाव होता, कारण धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आमच्या थुंकीनं सवर्ण कामगार बाटायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल केला तेव्हा तुमची जीभ जड झाली होती. १९३८ साली मनमाडला त्यांनी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांना दोन शत्रू दाखवले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच साली ७ नोव्हेंबरला ते कम्युनिस्टांच्या जोडीनं कामगारविरोधी बिलाविरुद्ध संपात उतरले. म्हणजे जोडी होऊ शकते. पण एक डोळा मिटून नाही.

आणि आपल्या निळ्या पुढाऱ्यांनो, तुम्हालाही सोडत नाही. १४ एप्रिलला तुमचे फोटो बाबासाहेबांपेक्षा मोठे असतात. डीजेचा खर्च लाखात. बारा तासांचा निर्णय झाला त्या दिवशी तुमच्यातले किती रस्त्यावर होते? पुतळ्याला धक्का लागला तर आपण शहर बंद करतो, करायलाच पाहिजे. पण त्या माणसानं केलेला कायदा फोडला तेव्हा आपली वस्ती शांत झोपली. कायदा हाही बाबासाहेबांचा पुतळाच आहे. दगडाचा नाही म्हणून दिसत नाही एवढंच.

कुणी म्हणेल, आता काय होणार, झालं ते झालं. हे भडव्यांचं तत्त्वज्ञान आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गुजरात सरकारनं फतवा काढला, बारा तास काम आणि वरच्या तासांना साधाच दर. कामगार संघटना कोर्टात गेल्या आणि १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं तो फतवा रद्द केला. २०२३ च्या एप्रिलमध्ये तामिळनाडूनं विधानसभेत बारा तासांचं बिल पास केलं. संघटना उठल्या, मित्रपक्ष उठले आणि १ मे ला मुख्यमंत्र्यांना ते मागं घेतल्याचं सांगावं लागलं. दहा दिवसांत. तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत. त्यांनी आवाज केला, आपण नाही केला.

म्हणून या अंकातून मोठी प्रतिज्ञा वगैरे करत नाही. एक काम सांगतो. दोनशे पानी वही घ्या. आपल्या चाळीत, गल्लीत, वस्तीत जो जो कामावर जातो त्याचं लिहा. घरातून निघाला कधी, अंगठा कधी लागला, सुटला कधी, घरी आला कधी, हातात किती पडले, ओव्हरटाईमचे किती, पावती मिळाली का. एक महिना लिहा. मालकाकडं त्याचं रजिस्टर आहे, खोटं का होईना. आपल्याकडं आपलं पाहिजे, खरं. नव्या संहितेत त्यांनीच लिहिलंय की प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं, किमान वेतन सगळ्यांना, जास्तीच्या तासाला दुप्पट. मागा ते पत्र. मागा ती दुप्पट. त्यांच्याच कागदानं त्यांचं तोंड पुसा. एकट्यानं मागू नका, टोळीनं मागा. आणि सहीचा कागद पुढं आला तर सगळ्यांनी मिळून एकच सवाल करा, आठ तासांत घर चालेल एवढा पगार का देत नाही?

वह्या भरल्या की इथं आणा. दहा वस्त्यांच्या दहा वह्या जमल्या तरी पुढचा अंक त्यांचाच काढू, त्या महिन्यात कविता नाही छापली तरी चालेल. मी कवी आहे आणि हे मीच म्हणतोय. मग त्या वह्या घेऊन कामगार आयुक्ताच्या दारात बसू, युनियनवाल्यांना बोलावू, पुढाऱ्यांनाही बोलावू, बघू कोण येतं.

आठ तास पोटाला विकले, ठीक आहे, पोट आहे. उरलेले सोळा आमच्या बापाचे आहेत. ते कुणालाही लिहून देणार नाही.

जय भीम.